वहीत न लिहिलेला प्रयोग

भाचीचं डोहाळजेवण उरकलं, सगळे पांगले, आणि मी तिची दवाखान्याची फाईल चाळत बसले. लोक दुसऱ्यांच्या घरी गेले की लग्नाचे अल्बम बघतात, मी प्रिस्क्रिप्शनं वाचते; खोड आहे. लोह आणि कॅल्शियम होतं, ते असणारच. फॉलिक ॲसिड होतं. त्याखाली पोट कडक होऊ नये म्हणून दिवसातून दोनदा घ्यायची गोळी. दर आठवड्याला एक इंजेक्शन, ‘बाळ धरून ठेवायला’. चॉकलेटच्या चवीची प्रोटीन पावडर, दुधातून दोन चमचे. आणि तळाशी अधोरेखित करून : पूर्ण विश्रांती. मुलीचं पहिलंच बाळंतपण, बीपी नॉर्मल, सोनोग्राफीत पिशवीचं तोंड व्यवस्थित. इंजेक्शन कशासाठी, असं तिनं विचारलंही होतं. डॉक्टर म्हणाले, ‘‘सेफ्टीसाठी. सगळ्यांनाच देतो.’’

याच भाचीला तिसऱ्या महिन्यात एका सरकारी रुग्णालयात, नाव नोंदवायला गेली असताना, तुम्ही आमच्या अभ्यासात भाग घ्याल का असं विचारलं होतं. नवं औषध वगैरे काही नव्हतं. दर भेटीला थोडं जास्तीचं रक्त, दोन जास्तीच्या सोनोग्राफ्या आणि प्रश्नांची एक यादी. घरात त्यावरून रामायण झालं. विहीणबाई म्हणाल्या, ‘‘आमची सून काय उंदीर आहे?’’ आणि दुसऱ्याच दिवशी खासगी दवाखान्यात नाव घातलं गेलं. तिथून ही फाईल.

म्हणजे रक्ताच्या दोन नळ्या हा प्रयोग, आणि महिनोन्महिने टोचून घेतलेलं इंजेक्शन हा उपचार. त्या इंजेक्शनाची हकिकत अशी. हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट हे त्याचं लांबलचक नाव. ज्यांची आधीची प्रसूती अपुऱ्या दिवसांत झाली आहे अशा बायकांना त्याचा फायदा होतो, असं एका अमेरिकी चाचणीत दिसलं आणि २०११ मध्ये तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं त्याला झटपट मंजुरी दिली. अट एकच, आणखी एक मोठी चाचणी करून दाखवा. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले : फायदा दिसला नाही. एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी काढून घेतली गेली. ज्यांच्यासाठी ते होतं त्यांनाही उपयोग सिद्ध झाला नाही, आणि आमच्या भाचीला तर तो त्रास कधी झालेलाच नव्हता.

ते इंजेक्शन ज्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या जातीचं, ते सगळंच वाया, असं मात्र नाही. पिशवीचं तोंड आखूड झालेलं असेल तर योनीमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनला चांगला आधार आहे. आधी गर्भपात झालेल्या आणि या खेपेला सुरुवातीलाच अंगावरून जाऊ लागलेल्या बायकांनाही त्याचा थोडा फायदा होतो, असं ब्रिटनमधल्या चार हजारांहून जास्त बायकांच्या चाचणीत दिसलं. माझी हरकत ‘सगळ्यांनाच’ या शब्दाला आहे. पोट सैल ठेवणारी गोळी खबरदारी म्हणून महिनोन्महिने घ्यायला भक्कम पुरावा नाही. सरसकट अंथरुणाला खिळून राहण्यानं मुदतपूर्व प्रसूती टळते असंही दिसलेलं नाही. पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका तेवढा वाढतो. (हे वाचून कुणी आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, आणि ‘सगळ्यांनाच’ हे उत्तर आलं तर दुसऱ्यांदा विचारा.)

तेव्हा गरोदर बाईवर प्रयोग करावा की करू नये, हा वादच मला फसवा वाटतो. प्रयोग चालू आहेच. रोज, प्रत्येक तालुक्यात, हजारो पोटांवर. फक्त तो कुठल्याही वहीत लिहिला जात नाही, त्यात तुलनेला दुसरा गट नाही, कुणाची संमती नाही, आणि म्हणून त्याचं उत्तर शंभर वर्षांनीही मिळणार नाही. गरोदर बायकांना शिस्तशीर संशोधनात जागा मिळाली पाहिजे, ती इथल्या बायकांना इथल्याच दवाखान्यांत मिळाली पाहिजे, आणि जे उत्तर निघेल ते त्यांच्या बाळंतपणाच्या खाटेपर्यंत परत यायला हवं, असं माझं म्हणणं आहे. यातल्या शेवटच्या भागावर आपण सर्वांत जास्त कच्चे आहोत.

विहीणबाईंच्या भीतीला इतिहास आहे, हे मान्यच करायला हवं. थॅलिडोमाइड १९५७ पासून पश्चिम जर्मनीत विकलं जात होतं, झोपेसाठी आणि पुढे गरोदरपणातल्या मळमळीसाठीही. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतलं गेलं, तोवर हात-पाय खुंटलेली सुमारे दहा हजार बाळं जगभरात जन्मली होती. यावरून जगानं धडा घेतला तो असा, की गरोदर बाईला चाचणीत घेऊ नका. मला तो उलटा धडा वाटतो. थॅलिडोमाइड गरोदरपणात तपासलंच गेलं नव्हतं, थेट दुकानात गेलं होतं. नीट बेतलेली, थोड्या बायकांवरची, डोळ्यांत तेल घालून केलेली चाचणी झाली असती तर दहा हजारांचा आकडा गाठायच्या कितीतरी आधी ते थांबलं असतं.

त्याहून बोलकं उदाहरण डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉलचं. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत ते १९४० च्या दशकापासून सर्रास दिलं जायचं. १९५३ मध्ये शिकागोच्या चाचणीनं दाखवून दिलं की त्याचा काडीचा उपयोग होत नाही. तरी पुढची अठरा वर्षं डॉक्टर ते लिहून देत राहिले! १९७१ मध्ये त्या आयांच्या वयात आलेल्या मुलींना योनीमार्गाचा दुर्मीळ कॅन्सर होत असल्याचं उघड झालं, तेव्हा कुठे हात आखडला. चाचणी झालेली होती. ऐकायला कुणी तयार नव्हतं.

आपल्याकडची जखम ताजी आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्यात आदिवासी मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची, लस टोचली गेली; खम्मममध्ये तर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या संमती म्हणून चालवून घेतल्या गेल्या. संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर नियम आवळले गेले, ते बरंच झालं. २०१९ च्या औषध चाचणी नियमांत, आईनं भाग घेतल्यामुळे पोटातल्या बाळाला इजा झाली तर तीही भरपाईला पात्र आहे. आमच्या भाचीच्या इंजेक्शनानं काही झालं असतं तर असा कुठला नियम तिच्यासाठी धावून आला असता?

वगळण्याची किंमत काय असते, हे आपण करोनात बघितलं. लशीच्या चाचण्यांत गरोदर बायका नव्हत्या. म्हणून १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा त्यांना बाजूला ठेवलं गेलं. त्यांना परवानगी मिळाली २ जुलैला. मध्ये दुसरी लाट येऊन गेली. मुंबईच्या नायर रुग्णालयात करोना झालेल्या गरोदर बायकांसाठी वेगळी सोय होती आणि परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या मदतीनं तिथे काटेकोर नोंदी ठेवल्या गेल्या, म्हणून आज आकडे तरी आहेत. पहिल्या लाटेत ११४३ जणींपैकी ८ दगावल्या, दुसऱ्या लाटेत ३८७ पैकी २२. यातल्या कितीजणी लशीनं वाचल्या असत्या हे मी सांगू शकत नाही. पण ‘जपणूक’ म्हणून आखलेली ती रेघ त्यांना कशापासून जपत होती?

इथलीच बाई, इथलाच दवाखाना, असा हट्ट मी का धरते? अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला जे स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याची गोष्ट त्यासाठी सविस्तर सांगायला हवी.

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला, लिगिन्स आणि होवी या दोघा डॉक्टरांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की मुदतीआधी कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइड दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात आणि ते वाचण्याची शक्यता वाढते. औषध जुनं, स्वस्त, कुठेही मिळणारं. श्रीमंत देशांत ते नेमाचं झालं. मग साहजिक विचार आला, की गरीब देशांत, खेड्यापाड्यांत अपुऱ्या दिवसांची बाळं सर्वाधिक मरतात, तिथे हेच इंजेक्शन नर्सबाईंच्या हाती का देऊ नये? सहा देशांत सुमारे एक लाख जन्म टिपणारी चाचणी झाली. भारतातून त्यात बेळगाव आणि नागपूर होतं. २०१५ मध्ये निकाल आला तेव्हा सगळे हबकले. जिथे इंजेक्शन पोचवलं होतं त्या भागांत एकूण नवजात मृत्यू कमी व्हायच्याऐवजी वाढले होते, दर हजारी साधारण साडेतीननं. आयांमधल्या जंतुसंसर्गाची शंकाही वाढली होती.

औषध तेच, मग झालं काय? संशयाची सुई दिवसांच्या हिशेबाकडे वळते. गावातल्या उपकेंद्रात गरोदरपणाचे आठवडे कसे मोजतात, हे ज्यानं पाहिलंय त्याला ते चटकन पटेल. शेवटच्या पाळीची तारीख बाईला आठवत नाही. मग नर्सबाई विचारते, ‘‘गणपतीच्या आधी आली होती की नंतर? पोळा झाला होता का?’’ त्यावर बोटं मोजून तारीख निघते. यात तीन-चार आठवडे इकडचे तिकडे सहज होतात. म्हणजे दिवस जवळजवळ भरलेल्या, गरज नसलेल्या कितीतरी आयांना ते इंजेक्शन मिळालं. आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मल्यावर त्याला ठेवायला काचेची पेटी, श्वासाला आधार, जंतुसंसर्गावर उपचार हे सगळं ऑकलंडमध्ये होतं. इथे नव्हतं.

काही डॉक्टर तेव्हा म्हणाले, गरीब देशांत हे इंजेक्शन नकोच. पण सुदैवानं कुणीतरी पुढचा प्रश्न विचारला. भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेनं पुन्हा चाचणी केली. या वेळी सोनोग्राफीनं आठवडे पक्के करून, २६ ते ३३ आठवड्यांच्याच बायका घेऊन, आणि आई-बाळाची बरी काळजी घेतली जाईल अशाच ठिकाणी. २८५२ बायका झाल्यावर सुरक्षा समितीनं चाचणी मध्येच थांबवली, कारण फायदा ढळढळीत दिसत होता. इंजेक्शन मिळालेल्या गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के, न मिळालेल्यांत २३.५ टक्के. २०२० ची ही गोष्ट.

१९७२ ते २०२०. अठ्ठेचाळीस वर्षं आपण दुसऱ्यांच्या उत्तरावर उधारीनं जगलो, आणि खरं उत्तर सापडलं ते बेळगाव-नागपूरसारख्या ठिकाणच्या बायकांनी आपले नऊ महिने मोजायला दिले तेव्हा. औषध कुठे द्यायचं, कुठे द्यायचं नाही, आणि देण्याआधी सोनोग्राफीचं मशीन लागतं, हे तिन्ही त्यातून कळलं.

या सीमाभागानं आणि विदर्भानं जगाला बाळंतपणाबद्दल बरंच शिकवलंय, पण त्याचा आपल्याला पत्ता नसतो. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत बीपी धोकादायक वाढलेल्या ८९४ गरोदर बायकांवर तीन वेगवेगळ्या तोंडी गोळ्यांची तुलना झाली आणि २०१९ मध्ये छापून आली. प्रश्न अगदी आपल्या मातीतला होता : शिरेतून औषध देऊन मिनिटामिनिटाला बीपी बघायला माणूस नसेल तर काय करायचं? तिन्ही गोळ्या कामाच्या निघाल्या, निफेडिपिन सर्वांत सरस. अपुऱ्या दिवसांची प्रसूती टाळायला पहिलटकरणींना सुरुवातीच्या आठवड्यांपासून कमी मात्रेची ॲस्पिरिन द्यावी का, यावर सहा देशांत सुमारे बारा हजार बायकांची चाचणी झाली, त्यातही नागपूर-बेळगाव होतंच. प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आलं. एका कटिंग चहाच्या पैशांत कित्येक दिवस पुरेल अशी ही गोळी.

बेळगावच्या खेड्यांत त्याआधी, २००६ मध्ये निष्कर्ष आलेल्या चाचणीत, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला नर्सबाईंनी मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. १६२० बायका होत्या. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. पण मला त्या चाचणीतली प्लॅस्टिकची पिशवी जास्त भावते. रक्त किती गेलं हे डोळ्यांनी बघून ठरवलं की अंदाज चुकतोच. तिथेच केलेल्या तुलनेत डोळ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक-तृतीयांशानं कमी भरला. म्हणून बाळंतिणीखाली अंथरायची, खाली निमुळती होत गेलेली, मापाच्या रेघा आखलेली पारदर्शक पिशवी बनवली गेली. पुढे अशीच पिशवी वापरून केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत चाचणी झाली. वेळीच मोजायचं आणि सगळे उपचार एकदम सुरू करायचे, एवढ्यानं तिथे गंभीर रक्तस्राव आणि त्यामुळे उद्भवणारे शस्त्रक्रिया-मृत्यूसारखे प्रसंग मिळून ६० टक्क्यांनी घटले. २०२३ साली जगभर त्याची चर्चा झाली. मी ओळखीच्या एका सिस्टरना, ग्रामीण रुग्णालयात वीस वर्षं बाळंतपणं केलेल्या, विचारलं की तुमच्याकडे ती पिशवी आहे का. त्या हसल्या. ‘‘आम्ही पॅड किती भिजले ते बघतो हो ताई.’’

उत्तर परत येण्याबद्दल मी म्हणत होते ते हेच.

आता त्या चॉकलेटच्या डब्याकडे वळू, कारण त्याचं उत्तरही घरचंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणाच्याही आधीपासून माग काढला. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली साडेतीन किलोंची. पण ही हडकुळी दिसणारी बाळं चरबीच्या बाबतीत मागे नव्हती. स्नायू कमी, चरबी राखलेली. आपल्याकडे मधुमेह इतका का, याचा एक धागा तिथे सापडला. आणि आईच्या खाण्यातल्या कशाचं बाळाच्या आकाराशी नातं दिसलं? उष्मांकांचं नाही, प्रथिनांचं नाही. पालेभाज्या, फळं, दूध यांचं. जागतिक आरोग्य संघटनाही २०१६ पासून सांगते आहे की कुपोषित भागांतसुद्धा गरोदर बाईला समतोल पूरक आहार द्या, पण भरमसाट प्रथिनांचं पूरक देऊ नका. डब्याची जाहिरात करणाऱ्यांच्या कानावर हे अजून पडलेलं दिसत नाही.

पण पुण्यात दिसलं ते नातं होतं. भाजी खाल्ल्यामुळेच बाळ वाढलं की भाजी परवडणाऱ्या घरातलं बाळ तसंही बरं असतं, हे नुसत्या निरीक्षणातून कळत नाही. म्हणून मुंबईत चाचणी झाली. वांद्रे-अंधेरीकडच्या वस्त्यांतल्या साडेसहा हजार बायकांना, दिवस राहायच्या आधीपासून, रोज एक खाऊ. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळं, दूध. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखं सारण. केंद्रावर येऊन समोर बसून खायचं, घरी न्यायचं नाही (घरी नेला तर तो पोरांच्या पोटात जाणार, हे त्या संशोधकांना पक्कं ठाऊक होतं). बाळाचं वजन सरसकट वाढलं नाही. तीन महिने तरी आधीपासून खाणाऱ्या बायकांत थोडंसं वाढलं. पण ज्याची फारशी अपेक्षा नव्हती ते झालं, गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ वर आला. हे मला फार आवडतं. आवडत्या समजुतीला चाचणी भीक घालत नाही, आणि कधी कधी न मागितलेलं देऊन जाते.

पुण्याच्याच गावांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तिथल्या सुमारे दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि ज्यांचं बी-१२ कमी पण फॉलेट (म्हणजे फॉलिक ॲसिडच) भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी शरीर इन्सुलिनला जुमानत नसल्याची लक्षणं जास्त दिसली. आपल्या सरकारी गोळीत लोह आहे, फॉलिक ॲसिड आहे. बी-१२ नाही. ही गोळी बदलावी की नाही यावर तज्ज्ञांत मतभेद असू शकतात, पण आषाढीपासून कार्तिकीपर्यंत अंडंसुद्धा न शिवणाऱ्या घरांच्या महाराष्ट्रात हा प्रश्न चाचण्यांनी तडीला न्यायचा आपण सोडून दुसरं कोण?

सर्वांत टोकदार आक्षेप माझ्या एका कार्यकर्त्या मैत्रिणीचा आहे. ती म्हणते, तुझ्या सगळ्या उदाहरणांत बायका सरकारी दवाखान्यातल्या, झोपडपट्टीतल्या, खेड्यातल्याच आहेत. तुझी भाची नाही. बरोबर आहे तिचं. ज्ञानाचं ओझं गरिबाच्या पोटावर आणि आधार नसलेल्या औषधांचा बाजार मध्यमवर्गाच्या खिशावर, अशी ही वाटणी झालेली आहे. त्यावरचा उपाय गरीब बाईला संशोधनातून काढणं हा नसून भाचीला आत आणणं हा आहे. खासगी प्रसूतिगृहांनी निदान नोंदी तरी एकसारख्या ठेवाव्यात, आणि जिथे दोन उपचारांपैकी कुठला बरा हे डॉक्टरांनाच ठाऊक नाही, तिथे तसं रुग्णाला सांगून तुलना करावी. संमती कळा सुरू झाल्यावर नळी लावता लावता घेऊ नये. चौथ्या-पाचव्या महिन्यात, बाईला एकटीला बसवून, तिच्या बोलीत, मेळघाटात कोरकूत, गडचिरोलीत गोंडीत. सासूला आणि नवऱ्याला समजावून सांगावं जरूर, पण सही तिची. आणि चाचणी संपली की निष्कर्ष साध्या मराठीत, एका कागदावर, ज्या आशाताईनं तिला केंद्रावर नेलं तिच्याच हाती परत पाठवावा.

भाची अडतिसाव्या आठवड्यात बाळंत झाली. मुलगी, दोन किलो सातशे. बारशाला विहीणबाईंनी मला गाठलंच. ‘‘बघितलंत ना? इंजेक्शनं घेतली म्हणून दिवस भरले.’’ मी तोंड उघडलं आणि मिटलं. ती इंजेक्शनं न घेतलेली, बाकी सगळं तिच्यासारखंच असलेली दुसरी भाची माझ्याकडे नव्हती.